काका पाच, भाची पाच: डावं-उजवं नेमकं मोजतं काय?

जुलै २०२५ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या काकांनी मला पोह्यांच्या ठेल्यावर गाठलं. "टीव्हीवाले सकाळपासून कडवे डावे, कडवे डावे करून राहिले. ते कडवे राहू दे बाजूला. साधे डावे म्हणजे कोण, अन् मी कोण, एवढं सांग न बेटा."

हे विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याच नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मांडलं होतं. मग ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं आणि सुधारून परत आलं. माओवाद्यांसाठी शहरांत काम करणाऱ्या संघटनांना आवर घालायचा आहे, असं सरकार म्हणतं. विरोधक म्हणतात, शब्द इतके मोघम आहेत की सरकारवर टीका करणाराही त्यात ओढला जाईल. तो वाद मोठा आहे, इथं त्यात शिरत नाही. पण एखादा शब्द कायद्याच्या चर्चेपर्यंत पोचतो आणि ज्यांच्यासाठी कायदा होतो त्यांना त्याचा अर्थ माहीत नसतो, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. म्हणून हा लेख.

काकांना मी उलट विचारलं, "एक म्हणजे पक्का डावा, दहा म्हणजे पक्का उजवा. तुम्ही कितीवर?" काका म्हणाले, "पाच. आपण मधातले." संध्याकाळी हाच प्रश्न मिहानमधल्या आयटी कंपनीत काम करणाऱ्या माझ्या भाचीला विचारला. तीही म्हणाली, पाच.

मग दोघांना चार साधे प्रश्न वेगवेगळे विचारले. सरकारी कंपन्या खासगी मालकांना विकाव्यात का? काका म्हणाले अजिबात नाही, भाची म्हणाली बहुतेक विकाव्यात. जुनी पेन्शन परत आणावी का? निवृत्त सरकारी कर्मचारी असलेले काका ताडकन हो म्हणाले. भाचीनं विचारलं, पैसा कुणाच्या करातून जाणार? जातनिहाय जनगणना व्हावी का? काका हो, भाची नाही. चौथा प्रश्न घरातला होता: मुलीनं जातीबाहेर लग्न ठरवलं तर? भाची हसली, "त्यात विचारायचं काय?" काका मात्र गप्प झाले आणि पोह्यांचे पैसे द्यायला उठले.

चारांपैकी एकाही उत्तरात दोघांचं जुळलं नाही, आणि आकडा मात्र दोघांचा पाच. दोघंही खोटं बोलत नव्हते.

खुर्च्यांवरून पडलेली नावं

ही नावं कुठल्याही तत्त्वज्ञानातून आलेली नाहीत. कोण कुठं बसलं, त्यावरून ती पडली. १७८९ साली फ्रान्समध्ये क्रांती सुरू होती आणि व्हर्सायला राष्ट्रीय सभा भरली होती. नव्या राज्यघटनेत राजाला कायदे रोखण्याचा अधिकार ठेवायचा की नाही, हा प्रश्न होता. राजाच्या बाजूचे सभाध्यक्षाच्या उजव्या हाताला जमले आणि विरोधातले डाव्या हाताला. वार्ताहरांना ते सोयीचं पडलं. ही बाजू, ती बाजू असं लिहिता लिहिता बाजूंचीच नावं झाली.

तेव्हा प्रश्न एकच होता: पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली सत्ता टिकवायची की मोडायची? गिरण्या, पगार, संप यातलं काहीच त्यात नव्हतं. कारखाने वाढले, मजुरांचे प्रश्न पुढं आले, तसं पुढच्या शतकात डाव्या शब्दाला नवा अर्थ चिकटला: संपत्तीची वाटणी, कामगारांचा हक्क, समाजवाद. उजव्याला चिकटला खासगी मालमत्तेचा आणि बाजाराचा. जुना अर्थ मात्र गेला नाही. परंपरा, धर्म, घराणं हेही उजव्याच बाजूला राहिलं.

म्हणजे एकाच शब्दाच्या पोटात दोन वेगळी भांडणं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मतं मांडलेल्या या पट्टीला राज्यशास्त्रात राजकीय वर्णपट म्हणतात. मी पुढं नुसतं पट्टी म्हणेन.

पट्टीऐवजी मेट्रोचा नकाशा घ्या

आपल्या मेट्रोच्या दोन लाईनी आहेत. अ‍ॅक्वा लाईन पश्चिमेच्या लोकमान्य नगरपासून पूर्वेच्या प्रजापती नगरपर्यंत जाते. ऑरेंज लाईन उत्तरेच्या ऑटोमोटिव्ह चौकापासून दक्षिणेच्या खापरीपर्यंत. दोन्ही सीताबर्डीला, म्हणजे आपल्या बर्डीला, एकमेकींना ओलांडतात.

अ‍ॅक्वा लाईनला पैशाची लाईन समजू. नकाशात डावीकडे लोकमान्य नगर: सरकारनं जास्त करावं, कर घेऊन वाटावं, कारखाने आणि वीज आपल्या हातात ठेवावी. उजवीकडे प्रजापती नगर: सरकारनं हात आखडता घ्यावा, बाजाराला काम करू द्यावं. ऑरेंज लाईन ही समाजाची. वर ऑटोमोटिव्ह चौक: रूढी बदला, माणसाला त्याच्या मर्जीनं जगू द्या. खाली खापरी: जी घडी आहे ती सांभाळा, घाईनं उसवू नका. (त्या त्या वस्तीतल्या लोकांशी याचा काही संबंध नाही, फक्त दिशा लक्षात राहाव्यात म्हणून ही नावं.)

आता काका पाहा. पैशाच्या लाईनीवर ते लोकमान्य नगरच्या अंगाला आणि समाजाच्या लाईनीवर खापरीच्या अंगाला. भाची बरोब्बर उलट. दोघांना फक्त एक आकडा मागितला, तेव्हा दोघांनीही मनातल्या मनात थोडं इकडचं, थोडं तिकडचं धरलं आणि "बर्डी" सांगून मोकळे झाले. खरं तर बर्डीला दोघांपैकी कुणीच उभं नाही. मधला माणूस म्हणून आपण ज्याला ओळखतो, तो बऱ्याचदा असा असतो: सरासरीनं मधला, प्रत्यक्षात दोन लाईनींवर दोन दिशांना गेलेला.

नागपुरात ही पट्टी पुन्हा पुन्हा मोडली

डावं-उजवं शिकवताना परदेशातली उदाहरणं द्यायची गरज मला कधी पडली नाही. आपल्या शहरात पुरेशी आहेत.

जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं. तिथं ठराव झाला की पुढची शेती सहकारी, एकत्र कसण्याची असावी. शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र कसायच्या, मालकी ज्याची त्याची राहील, उत्पन्नात जमिनीच्या प्रमाणात वाटा मिळेल आणि राबणाऱ्याला कामाप्रमाणे मोबदला. पंडित नेहरू या ठरावामागे होते. चरणसिंगांनी त्याच अधिवेशनात उभं राहून विरोध केला. छोटा शेतकरी आपल्या बांधापासून तुटेल, ही त्यांची भीती होती. त्याच वर्षी राजाजी, एन. जी. रंगा आणि मिनू मसानी यांनी स्वतंत्र पक्ष काढला. सरकारनं शेतात आणि धंद्यात हात घालू नये, हे त्याचं मुख्य म्हणणं. १९६७ च्या लोकसभेत ४४ जागा मिळवून तो सगळ्यात मोठा विरोधी पक्ष झाला. पैशाच्या बाबतीत इतका उघडपणे उजवा असलेला मोठा पक्ष देशानं त्याआधी पाहिला नव्हता, आणि त्याच्या जन्माला नागपूरचा ठराव कारणीभूत होता. लक्षात घ्यायचं ते हे, की हा उजवा पक्ष धर्माच्या राजकारणावर उभा नव्हता. आज उजवा म्हटलं की आपल्याला आधी धर्म आठवतो; १९५९ साली अनेकांना आधी जमीन आठवली असती.

आता दुसरं टोक. १९२५ च्या विजयादशमीला डॉ. हेडगेवारांनी नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ सुरू केला. संघाला सगळं जग उजवं म्हणतं आणि समाजाच्या लाईनीवर ते खरंही आहे. पण संघाच्याच मुशीतले दत्तोपंत ठेंगडी, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे. त्यांनी १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ उभा केला आणि १९७९ मध्ये भारतीय किसान संघ. कामगाराचा पगार, बोनस, नोकरीची हमी यांसाठी ते लढले. १९९१ मध्ये देशानं परदेशी कंपन्यांना दारं उघडली, तेव्हा ठेंगडींनी स्वदेशी जागरण मंच उभारून विरोध केला. ती दारं उघडणारे पंतप्रधान कोण? पी. व्ही. नरसिंह राव. १९८४ आणि १९८९ मध्ये ते आपल्या रामटेकमधून लोकसभेवर निवडून गेले होते. म्हणजे ज्या पक्षानं १९५९ साली नागपुरात सहकारी शेतीचा ठराव केला, त्याच पक्षाच्या, रामटेकच्या माजी खासदारानं बाजार मोकळा केला. आणि त्याला आडवा आला संघाचा आर्वीचा प्रचारक. पैशाच्या लाईनीवर दोघं नेहमीच्या समजुतीच्या अगदी उलट बाजूंना उभे होते.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला, तीही विजयादशमीच, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांना पट्टीवर कुठं बसवाल? १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९४७ मध्ये संविधान सभेसाठी लिहिलेल्या निवेदनात त्यांनी शेतजमीन आणि मुख्य उद्योग राज्याच्या मालकीचे करावेत, तेही थेट घटनेत लिहून, असं सुचवलं. हे त्या काळातल्या अनेक समाजवाद्यांच्याही पुढचं होतं. पण कम्युनिस्टांचा हिंसेचा आणि हुकूमशाहीचा मार्ग त्यांनी नाकारला. आणि समतेची वाट शोधताना ते धम्माकडे गेले, धर्म म्हणजे अफू म्हणणाऱ्यांकडे नाही. डाव्यांची नेहमीची पट्टी असं पाऊल मोजूच शकत नाही, कारण तिच्यावर जात नावाची खूणच नाही. जमीन वाटली, मजुरी वाढवली, तरी विहिरीवर चढू न देणारा शेजारी तसाच राहू शकतो, हे बाबासाहेबांनी स्वतः भोगलेलं होतं.

दसऱ्याला रेशीमबागेत संघाची गर्दी असते आणि दीक्षाभूमीवर देशभरातून आलेल्या बौद्धांची. दोन्ही जागा एकाच शहरात, थोड्याच अंतरावर. त्यांच्यातला मतभेद तुमच्या करात किती टक्के वाढ व्हावी याबद्दल नाही.

मीडियम तर्री म्हणजे किती तिखट?

दोन लाईनींचं कोडं सोडवलं तरी एक गोष्ट उरते. लोकांना मधली जागा फार आवडते. जगभर घेतल्या जाणाऱ्या जागतिक मूल्य सर्वेक्षणात लोकांना १ ते १० च्या पट्टीवर स्वतःची जागा विचारतात आणि पुष्कळ लोक ५ सांगतात. गंमत अशी की १ ते १० चा खरा मध्य साडेपाच आहे. ५ सांगणारा हिशेबानं किंचित डावा ठरतो, पण त्याच्या मनात ५ म्हणजे अर्धं.

मधली जागा ठरते आजूबाजूच्या माणसांवरून. आपल्या ठेल्यावर कुणी "तर्री मीडियम" म्हटलं, की तीच वाटी पुण्याच्या पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आणते. नागपूरकर खोटं बोलत नाही. त्यानं आयुष्यभर ज्या जिभा पाहिल्या, त्यांत तो खरंच मीडियम आहे. मताचंही तसंच. घरातले सगळे एका दिशेला झुकलेले असले, की त्यांच्यापेक्षा थोडा कमी झुकलेला माणूस स्वतःला मधला समजतो. दुसऱ्या मोहल्ल्यात तोच माणूस टोकाचा वाटेल.

आणि पुष्कळांनी या पट्टीचा विचारच केलेला नसतो. अमेरिकेतले राज्यशास्त्रज्ञ फिलिप कॉन्व्हर्स यांनी १९६४ मध्ये दाखवलं, की मतदारांपैकी अगदी थोडे, हातावर मोजण्याइतके टक्के लोक, डावं-उजवं अशा चौकटीत विचार करतात. त्याच लोकांना तोच प्रश्न दोन वर्षांनी विचारला, तर अनेकांचं उत्तर बदललेलं असायचं. यात लोकांना मूर्ख ठरवण्याचं काही कारण नाही. रोजीरोटीच्या धबडग्यात माणूस एकेक प्रश्न आला तसा सोडवतो. सगळे प्रश्न एका धाग्यात ओवायला पगार मिळतो तो आमच्यासारख्या मास्तरांना.

मग जागा ठरवतं कोण?

सगळ्यात आधी घर. वडील कुठल्या मोर्च्यात गेले, आजी कुणाचं नाव आदरानं घ्यायची, देवघरात कुणाचा फोटो आहे, हे आपण मत द्यायच्या कितीतरी आधी शिकतो.

मग काम. गिरणीत, वीज कार्यालयात, एसटीत ज्यांची पाळी चालली, त्यांनी युनियनची ताकद डोळ्यांनी पाहिली. नागपुरात युनियनची ताकद मतपेटीतही दिसली: कम्युनिस्ट नेते ए. बी. बर्धन इथल्या कामगार चळवळीतून वर आले आणि १९५७ मध्ये नागपुरातून आमदार झाले. याउलट ज्यानं इतवारीत दुकान चालवलं, त्याला सरकार म्हणजे दारात येणारा इन्स्पेक्टर वाटला तर नवल नाही.

मग वय, म्हणजे विशीत काय घडलं ते. १९७५ च्या आणीबाणीत तरुण असलेल्याला सरकारच्या हाती फार सत्ता गेली की अजून धास्ती वाटते. स्कूटरसाठी आणि फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावलेल्यांना १९९१ नंतरचा बाजार सुटकेसारखा वाटला. भाचीनं ती रांग पाहिलेलीच नाही. तिच्यासाठी बाजार म्हणजे नुसती हवा, आहेच.

स्वभावाचाही थोडा वाटा असतो. नवं करून पाहायची आवड असणारे समाजाच्या लाईनीवर बदलाकडे, आणि शिस्त व टापटीप आवडणारे परंपरेकडे झुकतात, असं पाश्चात्त्य देशांतल्या बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. पण हा धागा बारीक आहे. त्यावरून शेजाऱ्याची कुंडली मांडू नका.

"पण आपल्याकडं मत जातीवर पडतं. हे सगळं कशाला?"

हा आक्षेप काकांनी लगेच घेतला, आणि तो खरा आहे. फक्त त्याचा अर्थ आपल्याकडं विचार नाही असा होत नाही. प्रदीप छिब्बर आणि राहुल वर्मा या अभ्यासकांनी २०१८ मध्ये मांडलं, की भारतात वैचारिक फूट आहेच, पण ती युरोपातल्या पट्टीवर नाही. इथले दोन प्रश्न त्यांनी सांगितले. एक: सरकारनं समाजाच्या चालीरीतींत आणि खासगी मालमत्तेत किती हात घालावा? दुसरा: मागं ठेवलेल्या जातींना आणि अल्पसंख्याकांना सरकारनं खास जागा, खास संरक्षण द्यावं का?

दुसऱ्या प्रश्नाला मी मानाचा प्रश्न म्हणते. जातनिहाय जनगणना, आरक्षण, हे सगळं त्यातच येतं. वरच्या मेट्रोला ही तिसरी लाईन जोडावी लागते. काका जुन्या चालीरीती जपणारे, पण मानाच्या लाईनीवर ते मागासांच्या बाजूनं ठाम. भाची रूढी झुगारणारी, पण "गुणवत्ताच पाहा" म्हणणारी. पुण्या-मुंबईच्या चर्चेत जो पुरोगामी तो आरक्षणवादी असं गृहीत धरतात. नागपुरातल्या कुठल्याही दोन घरांत फिरून या, ते गृहीत मोडून पडेल.

विदर्भासाठी तर चौथीही लाईन लागते. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. त्या मागणीमागं डावे, उजवे, मधले सगळेच सापडतात.

"पक्ष तर डावे-उजवे असतात ना?"

पैशाच्या लाईनीवर, महाराष्ट्रात तरी, फरक कमीच दिसतो. २०२४ मध्ये महायुती सरकारनं लाडकी बहीण योजनेत महिलांना महिन्याला १५०० रुपये सुरू केले. निवडणुकीत ते २१०० करू म्हणाले, महाविकास आघाडी ३००० म्हणाली. सरकारनं थेट पैसे वाटावेत का, हा प्रश्नच उरला नव्हता. किती वाटावेत एवढाच होता. उजवी म्हणवणारी युती आणि तिचे विरोधक एकाच दिशेच्या गाडीत बसले होते.

कायद्यातही हे दिसतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९अ कलमानुसार नोंदणी करणाऱ्या प्रत्येक पक्षाला आपल्या घटनेत समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा असल्याचं लिहावं लागतं. भाजपनं तर १९८० मध्ये स्थापनेच्या वेळीच गांधीवादी समाजवाद स्वीकारला होता. म्हणून पक्षाच्या नावापुढं डावं-उजवं लिहिण्यापेक्षा कुठल्या लाईनीवर, कुठल्या साली, हे विचारलेलं बरं. सगळे सारखेच, असा याचा अर्थ नाही. समाजाच्या आणि मानाच्या लाईनींवर पक्षांमधलं अंतर मोठं आहे, आणि तिथं त्याची झळ खऱ्या माणसांना बसते.

"मग हे शब्द टाकूनच द्यावेत?"

मला तसं वाटत नाही. कामगार कायद्यावर बोलताना डावं-उजवं झटकन समजतं. शब्द बिघडतो तो शिवी झाल्यावर. "तो डावा आहे" असं कुणी म्हटलं, की मी विचारते, कशाबद्दल? कराबद्दल, देवाबद्दल, जातीबद्दल, की बंदुकीबद्दल? बंदूक तर कुठल्याच लाईनीवरचं स्टेशन नाही. हिंसा करणं किंवा तिला मदत करणं हे कृत्य आहे, मत नाही, आणि अशी कृत्यं डाव्या-उजव्या दोन्ही टोकांच्या नावानं झालेली आहेत. किमान वेतन मागणाऱ्या बाईला आणि जंगलात सुरुंग पेरणाऱ्याला एकाच शब्दानं हाक मारली, तर पहिलीवर अन्याय होतो.

काकांचा चौथा प्रश्न राहिला होता. आठवड्यानं ते स्वतःच घरी आले, चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, "नातीनं जातीबाहेर केलं तर मले नाही आवडणार. खोटं कायले बोलू? पण तिले अडवणार नाही, अन् कोणी अडवलं तर पोलिसात मीच जाईन तिच्यासंगं. हे कोणत्या स्टेशनावर लिहिशील?"

मी वहीत ऑरेंज लाईन काढली आणि तिच्यावर दोन ठिपके दिले. खापरीकडच्या ठिपक्याखाली लिहिलं, काकांना काय आवडतं. ऑटोमोटिव्ह चौकाकडच्या ठिपक्याखाली, कायद्यानं काय करावं असं काकांना वाटतं. काकांनी चष्मा लावून दोन्ही वाचलं आणि म्हणाले, "दुसरा अजून थोडा वर घे."